सकाळपाळीचा काटा

आमच्या आणि मोहिनीचाचीच्या घरामधली भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती. आमचं बिऱ्हाड म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या जुन्या बराकीतल्या दोन खोल्या. बराकी मुळात फौजेसाठी बांधलेल्या, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना मिळालेल्या, आणि पुढे त्यांनी मध्ये भिंती घालून आमच्यासारख्यांना भाड्याने दिलेल्या. भिंत घालणाऱ्याने विटांची काटकसर केली असावी. ती माणसाच्या डोक्यावर हातभर चढून थांबायची आणि वर दोन्ही घरांचं एकच छप्पर. त्यामुळे माझ्या कानांना लहानपणापासून दोन संसार एकदम ऐकायची सवय लागली. इकडे आईच्या स्टोव्हची फरफर आणि दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोठ्याने पेपर वाचणं. तिकडे चाचीचं लाटणं. चाची पापड लाटून विकायची. पहाटे तिच्या पोळपाटाचा ठोका सुरू झाला की आमच्या घरात कुणाला गजराची गरज उरत नसे. हिंग-मिरीचा वास भिंतीवरून आमच्याकडे उतरायचा आणि आमच्या सुकटीचा तिकडे चढायचा. सुकट भाजली की पलीकडून हाक यायची, "विशू की माँ, अकेले अकेले?" मग आई स्टुलावर चढून भिंतीवर वाटी ठेवायची. वाटी कधी रिकामी परत यायची नाही, हा दोन्ही बायकांचा मानाचा प्रश्न होता.

विशू म्हणजे मी, विशाखा. नाव दादांनी ठेवलेलं. दादा आमच्या विहाराचे चिटणीस होते आणि त्यांचं एक ठाम मत होतं की माणसाने कुणापुढे हात पसरू नये, आकाशापुढे तर नाहीच. आई त्या बाबतीत दादांच्याही दोन पावलं पुढे. दीक्षेनंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव गावच्या नदीत सोडले तेव्हा ती परकरात होती, पण काठावर उभं राहून पाहिलेलं ते तिला लख्ख आठवायचं. माझा धाकटा भाऊ एकदा कुणा मित्राच्या घरून मनगटाला लाल दोरा बांधून आला, तर आई कांदा चिरत होती, तिने त्याच विळीवर त्याचा हात धरला आणि दोरा कापला. "पास व्हायचं तर पुस्तक उघड," एवढंच बोलली आणि पुन्हा कांद्याला लागली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

मी बीएस्सी झाले त्याच सुमारास दादांच्या कारखान्याला टाळं लागलं. दादा घरी बसले, म्हणजे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरी बसले. त्यांच्याकडे बघवत नसे. अशात मला अंबरनाथच्या पुढे आनंदनगरच्या नव्या एमआयडीसीत नोकरी लागली. कापडाच्या रंगासाठी लागणारी द्रव्यं बनवणारी छोटी कंपनी, तिच्या लॅबमध्ये ट्रेनी केमिस्ट. वर्षभर काम बघणार आणि मग कायम करणार किंवा नारळ देणार. आमच्या घरात पक्का असा आधार त्या वर्षी तेवढाच होता. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं. पण मी सकाळी निघाले की आई पदराला हात पुसत चौकापर्यंत यायची आणि कंपनीची बस वळेपर्यंत उभी राहायची, यावरून काय ते समजायचं.

लॅबचे प्रमुख लिमये साहेब. बदलापूरहून स्कूटरवर यायचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. बावीस वर्षांच्या मला ते पहिल्या दिवसापासून "गायकवाडबाई" म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, आणखी कुणी आलंय का म्हणून. माणूस शिस्तीचा, पण खडूस नव्हता. काचेचं भांडं फुटलं तर "हात कापला नाही ना?" हे आधी विचारायचे आणि बोलणी मग द्यायचे. लॅबमध्ये आम्ही केमिस्ट दोनच. सकाळपाळी माझी आणि दुपारपाळी सोनिवलीच्या म्हात्रेची. बायकांना रात्री उशिरापर्यंत कामावर ठेवता येत नाही, म्हणून आमच्या पाळ्या कधी बदलत नसत. सकाळ कायम माझी, दुपार कायम त्याची. ही साधी सोय पुढे माझ्या गळ्याशी येणार होती, पण तेव्हा मी खूशच होते, दुपारच्या उन्हातच घरी पोचायला मिळायचं.

आणि लॅबमध्ये तिसरा मानकरी होता पीएच मीटर. द्रावण आंबट किती, हे सांगणारं यंत्र. हल्ली पेनासारखं खिशात मावतं, आमचं चांगलं ब्रेडच्या डब्याएवढं होतं, समोर मोठी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा. त्याला जोडलेली काचेची कांडी म्हणजे इलेक्ट्रोड, टोकाला पातळ काचेचा फुगा. कांडी द्रावणात बुडवली की आंबटपणाप्रमाणे तिच्यात किंचितसं व्होल्टेज तयार होतं, ते वायरीतून मीटरपर्यंत येतं आणि काटा हलतो. हे व्होल्टेज इतकं दुबळं असतं की वाटेत जरा कुठे फट मिळाली की पळून जातं. ओंजळीतून पाणी न्यायचं तर बोटं घट्ट मिटलेली हवीत, तसं. प्लांटमध्ये बॅच चालू असली की ऑपरेटर नमुना घेऊन यायचा, मी काटा बघून सांगायचे, "अजून आम्ल टाका" किंवा "थांबा." माझ्या थांबा म्हणण्यावर अख्ख्या बॅचचा रंग अवलंबून. म्हणून रोज सकाळी आधी मीटरची परीक्षा घ्यायची. दोन बाटल्यांत माहितीची द्रावणं असतात, एक सातचं, एक चारचं. काटा सातच्या बाटलीत सात आणि चारच्या बाटलीत चार दाखवतो ना, ते पाहायचं. दाखवत नसला तर बटण पिळून जागेवर आणायचा आणि मगच कामाला लागायचं.

दसऱ्याला मी रजा घेतली होती. आमच्याकडे तो दिवस दीक्षेचा. पांढरी साडी, विहारात वंदना, मग सगळ्या आळीला पुरेल एवढी खीर, जी ढवळताना दादा दरवर्षी हात भाजून घ्यायचे आणि दरवर्षी नाही म्हणायचे. तिकडे कंपनीत त्याच दिवशी यंत्रांची पूजा. बॉयलरपासून टाइपरायटरपर्यंत सगळं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवत. रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेब म्हणाले होते, "पूजेला तुम्ही नसणार तर." आवाजात राग नव्हता, नुसती नोंद होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर लॅबमध्ये झेंडूचा वास, तराजूच्या पेटीवर एक पेढा ठेवलेला आणि मीटरच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. पेढा मी खाल्ला. टिळ्याकडे बघून हसले आणि सातची बाटली उघडली.

काटा सातवर आणला. चारच्या बाटलीत कांडी बुडवली. काटा निघाला आणि चारच्या बराच अलीकडे, म्हातारं माणूस जिन्यावर दम खायला थांबतं तसा थांबला. पुन्हा धुतलं, पुन्हा बुडवलं, तेच. मग बटण शेवटपर्यंत पिळलं तेव्हा कुठे तो चारवर पोचला. कामाला लागले. तासाभराने पुन्हा तपासला, तर आता तो चारच्या पलीकडे गेलेला! सकाळभर हा खेळ चालला. मी आणलेल्या जागेवर तो कधी राहायचाच नाही. त्या दिवशीची बॅच गढूळ निघाली, आम्लाचं प्रमाण चुकलं होतं. दोन दिवसांनी आणखी एक. प्लांटमध्ये हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. एक ऑपरेटर नमुन्याची बाटली ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, पूजेला नव्हता ना तुम्ही. मशीन रुसलंय." तो चेष्टेनेच बोलला असेल. मला मात्र कानशिलं तापल्यासारखी झाली. माझा स्वभाव मुळात तडकू, आणि उत्तर देता येत नसलं की तो आणखी तडकतो.

मग मी मीटरच्या मागे लागले. द्रावणं नवी बनवली, पाणी उकळून, गार करून. तेच. कांडी सौम्य आम्लात भिजवली, तिच्यातलं क्षाराचं पाणी बदललं. तेच. साहेबांच्या कपाटात एक कोरी कांडी होती, ती हातापाया पडून मागून घेतली. देताना साहेब म्हणाले, "बाई, ही शेवटची आहे, तळहातावरच्या फोडासारखी जपा." जपली. जोडली. नव्या कांडीलाही तेच दुखणं. म्हणजे कांडी निर्दोष. मग मीटर. त्याच्याबरोबर एक बूच आलेलं असतं, ते लावलं की आत व्होल्टेज शून्य. बूच लावलं, काटा शून्यावर, सुतासारखा सरळ. मग टॉर्चचा सेल आणून त्याचं व्होल्टेज वायरीने मीटरला दिलं. मीटरने बरोबर दाखवलं, अगदी तंतोतंत. म्हणजे मीटरही निर्दोष. तिसरा संशय जागेचा, म्हणून दुसऱ्या प्लगवर वीज घेऊन पाहिली. तिथेही काही नाही. या सगळ्यात दुपार झाली की आणखी एक चमत्कार व्हायचा. मी निघायच्या सुमारास काटा शहाण्या मुलासारखा वागायला लागायचा. म्हात्रे येऊन बाटल्यांत कांडी बुडवायचा, सातला सात, चारला चार. दुपारच्या त्याच्या बॅचा झकास निघत होत्या.

म्हात्रे मनाने चांगला. माझं तोंड बघून तोच कानकोंडा व्हायचा. "अगो, मी काय वेगळा करतच नाय," तो म्हणाला. "तू करतेस तसाच करतो. माझ्या हातात त्याला काय होते, मलाच कलत नाय. तुला पायजेल तं साहेबाला सांगू का, की मशीन माझ्याकडं पण बिघाडलंय?"

"खोटं बोलू नको," मी म्हणाले.

"मंग काय करू? तुझा चेहरा असा, नि माझी बॅच बरोबर. मला जेवण जात नाय."

शनिवारी साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. ते बसवतात म्हणजे काहीतरी गंभीर. मी केलेल्या सगळ्या तपासण्या त्यांनी शांतपणे ऐकल्या आणि मग एकेक बोट मिटत म्हणाले, "कांडी चांगली. मीटर चांगलं. द्रावणं चांगली. दुपारी म्हात्र्यांच्या हातात रीडिंग चांगलं. मग, बाई, उरतं काय?"

उरत होते मी. हे त्यांनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. खिडकीबाहेर कूलिंग टॉवरमध्ये प्लांटचं गरम पाणी वाफाळत पडत होतं. मग ते म्हणाले, "तुम्हाला कायम करायचा कागद पुढच्या आठवड्यात वर जायचाय. मला काहीतरी लिहावं लागेल हो." त्यांच्या आवाजात खरंच अवघडलेपण होतं. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, मला निदान भांडता आलं असतं.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. लपवून ठेवायला आमच्या घरात जागाच नव्हती. दादा ऐकताना उभे राहिले, पुन्हा बसले, आणि म्हणाले, "तू चुकलेली नाहीस ना? मग घाबरायचं नाही. कारण असतंच. सापडेपर्यंत शोधायचं." एवढं बोलून त्यांनी पेपर पुढे धरला, पण त्या संध्याकाळी त्यांनी मोठ्याने एक ओळही वाचली नाही. आईने भाकऱ्या थापल्या, वाढलं, भांडी घासली. नंतर मी अंथरुणावर पडले तेव्हा मला दिसलं, आई स्टुलावर उभी राहून भिंतीवरून चाचीशी कुजबुजतेय. वाटी दिसत नव्हती. बायकांचं काही असेल म्हणून मी कूस बदलली.

रविवारी सकाळी उठले ती जड डोक्यानेच. चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर बसले. दसऱ्यानंतरचं ऊन म्हणजे पापडांचं ऊन, चाचीची घाईची वेळ. बाजल्यावर जुनी चादर पसरून तिने आदल्या दिवशीचे पापड मांडून ठेवले होते. रात्रभर ते आत टोपलीत असायचे, सकाळी पुन्हा बाहेर. मी सहज एक उचलला. तो हातात मान टाकून लोंबला.

"चाची, ये तो गीला है," मी म्हटलं. "कल शाम को तो कडक था."

चाची हसली. "पुट, सुबह का पापड ऐसाच होता है, मरा हुआ. खार है ना इसमें, रात की हवा पी लेता है. धूप आने दे, दोपहर को देख, खड़खड़ बोलेगा."

मी कप खाली ठेवला. सकाळी मेलेला, दुपारी जिवंत. तोच पापड, तीच चादर, तेच हात. बदलते ती फक्त हवेतली ओल! आमच्या लॅबची खिडकी कूलिंग टॉवरच्या बाजूला, सकाळी टॉवरची वाफ थेट आत यायची आणि दुपारी वारा फिरला की थांबायची. म्हणजे कुठेतरी असं काहीतरी लागलेलं होतं, जे सकाळी ओल पीत होतं आणि दुपारी सुकत होतं, आणि त्या ओलीतून माझं ते दुबळं व्होल्टेज गळत होतं. सेलने मीटर बरोबर का दाखवत होतं तेही मला तिथेच उमगलं. सेल ताकदवान असतो, थोडं गळालं तरी त्याला फरक पडत नाही. कांडीला पडतो. कांडी चांगली, मीटर चांगलं, तर गळती दोघांच्या मधे, जिथे कांडीच्या वायरीचा प्लग मीटरच्या सॉकेटमध्ये बसतो तिथे. आणि ते सॉकेट मीटरच्या पाठीला होतं, भिंतीकडे. आम्ही सगळेच मागे हात घालून चाचपडत प्लग बसवायचो. मीसुद्धा नवी कांडी तशीच लावली होती, बूचसुद्धा तसंच. तिथे डोळ्यांनी कुणी पाहिलंच नव्हतं. मी चाचीच्या गळ्यात पडले. तिने पिठाचे हात वर धरले आणि ओरडली, "अरे, अरे, साड़ी!"

आता इतक्या वर्षांनी, सोनिवलीला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर शेजारच्या सुनबाई पापड वाळत घालतात तेव्हा मी अजूनही सकाळी एक उचलून बघते. त्यांना वाटतं म्हातारी चव घ्यायला आली. वाटू दे.

सोमवारी बसमधून उतरले ती धावतच लॅबमध्ये गेले. साहेब यायचे होते. मीटर दोन्ही हातांनी धरून वळवलं, प्लग काढला आणि वाकले. सॉकेटमध्ये मधल्या टोचणीभोवती पांढऱ्या प्लास्टिकची एक चकती असते. तिचं एकच काम, व्होल्टेज बाहेर जाऊ न देणं. त्या पांढऱ्या चकतीवर हळदकुंकवाचं एक टपोरं बोट उमटलं होतं. ओलं करून लावलेलं, कडेला पसरलेलं, सकाळच्या दमट हवेत चकाकत होतं. कुंकू करताना हळदीत खार घालतातच, पापडात घालतात तसा. एक अक्षतही चिकटली होती.

बोट कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. लॅबची पूजा साहेब स्वतः करायचे आणि मन लावून करायचे. मीटर पुसायला प्लग काढला असणार, सॉकेट उघडं दिसलं असणार. मी पहिल्यांदा खदखदून हसले, एकटीच. मग हसू थांबलं. कापूस आणि स्पिरिट तिथेच हाताशी होतं. पुसून टाकलं असतं तर मीटर सुधारलं असतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि खराब बॅचा मात्र माझ्याच नावावर राहिल्या असत्या. आणि दाखवलं तर? पूजेला न आलेली, त्याच दिवशी स्वतःच्या वंदनेला गेलेली मुलगी सांगणार की साहेब, तुमच्या पूजेने मशीन बिघडलं. मी कशाही शब्दांत सांगितलं तरी ते टोमण्यासारखं ऐकू येणार होतं. कापूस हातात घेऊन मी उभी राहिले. दादांचं "कारण असतंच" आठवत होतं, पण सापडलेलं कारण सांगायचं कसं ते दादांनी सांगितलं नव्हतं. शेवटी मी कापूस ठेवून दिला. मीटर पाठमोरंच टेबलाच्या कडेला ओढलं, दिवा त्याच्याकडे वळवला आणि वाट बघत बसले.

साहेब आले, हेल्मेट काढून कपाटावर ठेवलं.

"साहेब, जरा इकडे येता?"

"काय हो, फुटली का कांडी?"

"नाही. फक्त बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला त्यांच्या डोक्याचं मागचं टक्कल तेवढं दिसत होतं. मग ते सरळ झाले आणि आपल्या उजव्या हाताची अनामिका दिव्याखाली धरून तिच्याकडे बघू लागले, जणू ती त्यांना न विचारता कुठेतरी जाऊन आली होती.

"हे माझं बोट," ते म्हणाले.

मी दिवा आणखी जवळ सरकवला.

"मला वाटलं, मुख्य जागा राहायला नको. टिळा काय, मीटरच्या डब्याला बाहेरून लावला. पण जिथून सगळं आत येतं ती जागा ही. म्हटलं, इथे एक हवंच." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पुसलं का नाहीत हे?"

"पुसलं असतं तर तुम्हाला दिसलं नसतं."

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं आता काही तरी जड बोलणार. पण त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस हसतोय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आणि मी तुम्हाला विचारतोय, उरतं काय! अहो, बोट उरतं, बाई, बोट!" मीही हसले. एवढ्या दिवसांत छातीवर बसलेलं ओझं मला तेव्हा उतरताना अगदी स्पष्ट जाणवलं, मडकं डोक्यावरून उतरवल्यावर मान कशी हलकी होते तसं. मग त्यांनी स्वतः कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि चकती पुसली, कडाकोपरे काडीने साफ केले, अक्षत उचलून कागदाच्या घडीत ठेवली. दिव्याखाली सॉकेट वाळवलं. मी प्लग लावला. सातला सात. चारच्या बाटलीत कांडी बुडवली, आणि त्या दमट सकाळी, खिडकीतून वाफ आत येत असताना, काटा सरळ चारवर गेला आणि तिथेच राहिला. आम्ही दोघं किती तरी वेळ त्याच्याकडे बघत उभे होतो. तो हलला नाही.

"कसं सुचलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"पापडावरून."

"पापडावरून!" ते म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले.

त्यांनी तिथेच सोडलं असतं तरी मी समाधानी होते. पण ते म्हणाले, "चला माझ्याबरोबर," आणि मला घेऊन सरळ मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. तिथे प्लांटची चार माणसं बसली होती, तो रुसण्याची चेष्टा करणारा ऑपरेटरसुद्धा. साहेब उभ्या उभ्या म्हणाले, "खराब बॅचा माझ्या बोटाने गेल्या. गायकवाडबाईंना मीटरने जे दाखवलं तेच त्यांनी सांगितलं. चूक शोधली तीही त्यांनीच." त्यांनी सगळी हकिकत सांगितली, हळदकुंकवासकट, काही न लपवता. ऑपरेटर खाली बघत होता. मला त्याची दयाच आली. दुपारी म्हात्रे आला तेव्हा त्याला हे कळलं, तर तो म्हणाला, "आता मी जेवतो गो बाय," आणि खरंच डबा उघडून बसला. माझ्या कायमच्या कागदावर साहेबांनी काय लिहिलं ते मी कधी वाचलं नाही. पण कायम मात्र झाले. पुढल्या दसऱ्याला मी पुन्हा रजेवर होते. परत आले तर मीटरच्या कपाळावर टिळा होता, आणि पाठीमागे प्लग जागच्या जागी, त्यावर पापडाच्या पुड्याची प्लास्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधलेली. चाचीचे पापड तोवर लिमये साहेबांच्या घरीही जायला लागले होते.

त्या सोमवारी परतताना बसमधून उतरले तर आई चौकातच उभी. ती सकाळी सोडायला यायची, आणायला कधीच नाही. मी लांबूनच हात हलवला आणि हसले, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला रस्त्याच्या पलीकडून दिसला. घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. दादांनी "बोट, बोट," असं दोनदा म्हणून मांडीवर थाप मारली आणि पेपर उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कुठल्याशा धरणाची बातमी. आई चहा टाकते म्हणाली, पण स्टोव्हकडे गेली नाही. स्टुलावर चढली आणि भिंतीवरून हळूच म्हणाली, "भाभी, झालं."

संध्याकाळी भिंतीवर एक मोठी थाळी आली. वाफाळता पिवळा भात, साखर, बडीशेप, खोबऱ्याचे काप. ताहिरी, चाचीकडे देवाला दाखवतात तो गोड भात. दादा पेपरामागे होते. चाचीला ते घरात असल्याचं ठाऊक नसावं, कारण तिचा आवाज छपराला लागला, "विशू की माँ! बोला था ना मैंने, झूलेलाल सुनेगा! ये ले, तेरी मन्नत का चावल!"

पेपर हळूहळू खाली आला. आई थाळी हातात घेऊन स्टुलावर तशीच उभी. विळीवर दोरा कापणारी माझी आई. तिचं तोंड कुंकवाला लाजवील इतकं लाल झालं होतं.

"मी नाही मागितलं," ती म्हणाली. "मी फक्त भाभीला सांगितलं. मागितलं तिनं, तिच्या देवाकडं."

दादांनी आईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"विशू, मशीन कशाने सुधारलं म्हणालीस?"

"स्पिरिटने, दादा."

"नक्की?"

"नक्की."

"मग भात खायला काही हरकत नाही," दादा म्हणाले आणि पेपराची घडी घालून पाटावर येऊन बसले. आईने सगळ्यांना वाढलं. दादांनी दोनदा मागून घेतला, आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "भाभी, चावल अच्छा बना है." आईने सगळ्यात शेवटी घेतला, आणि सगळ्यात जास्त घेतला.